जुना फ्लॅट विक्रीला काढण्यापूर्वी : आधी कागद, मग ओल, शेवटी रंग

घर विकायचे ठरले की बहुतेक घरांतून पहिला फोन रंगाऱ्याला जातो. आमच्याकडेही तसेच झाले. आई-वडिलांचा पुण्यातला फ्लॅट, १९८० च्या दशकात बांधलेल्या एका तीन मजली इमारतीतला, विकायचे आम्ही भावंडांनी ठरवले आणि ऐन आषाढात भिंती रंगवून घेतल्या. दिवाळीच्या सुमारास बाथरूमलगतच्या भिंतीला पुन्हा पोपडे धरले. त्याच सुमारास टोकन देऊन गेलेल्या ग्राहकाच्या बँकेच्या वकिलांनी शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीतल्या सभासदत्वाचा दाखला, मागितले, तेव्हा वडिलांच्या निधनानंतर ते आईच्या नावावर झालेलेच नाही, हे आमच्या लक्षात आले. व्यवहार पूर्ण व्हायला त्यानंतर सात महिने लागले. रंगावर केलेला खर्च वाया गेला, पण त्याहून जास्त नुकसान ग्राहकाच्या मनात आलेल्या शंकेने केले, कारण एकदा शंका आली की माणूस प्रत्येक गोष्टीत किंमत पाडून मागतो. म्हणूनच कामांचा क्रम येथे सविस्तर मांडत आहे. हा लेख महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण सोसायटीतल्या जुन्या फ्लॅटपुरता आहे; स्वतंत्र बंगल्याची किंवा गावठाणातल्या घराची कागदपत्रे वेगळी असतात.

कोणते काम कोणत्या महिन्यात

शक्य असेल तर तयारीला एक पूर्ण पावसाळा द्यावा. घरात पाणी कोठून येते हे जून ते सप्टेंबर या काळातच खरे कळते, त्यामुळे तपासणी पावसात करावी, दुरुस्ती पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात करावी, भिंती सुकल्या की डिसेंबरात रंग द्यावा आणि जानेवारीपासून घर दाखवायला सुरुवात करावी. मुलांची शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून पुष्कळ कुटुंबांना एप्रिल-मे महिन्यांत ताबा हवा असतो, आणि गुढीपाडवा किंवा अक्षय्य तृतीयेला बयाणा देण्याची पद्धत आपल्याकडे अजून टिकून आहे. पितृपक्षात घरे पाहायला येणारे कमी असतात. तो पंधरवडा सोसायटी आणि सरकारी कार्यालयांतील कामांना द्यावा. एवढा वेळ हाताशी नसेल तरी किमान तीन महिने ठेवावेत आणि त्यातले पहिले दोन कागदांसाठीच आहेत असे धरून चालावे.

कागदपत्रांची फाइल

एक जाड फाइल घ्यावी आणि तिच्यात सर्वांत जुना कागद तळाशी ठेवून कालक्रमाने कागद लावावेत. बिल्डरशी झालेला मूळ करारनामा, मध्ये फ्लॅट विकला गेला असेल तर प्रत्येक व्यवहाराचा नोंदणीकृत करार, प्रत्येक कराराची नोंदणी पावती आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे सगळे ज्याला इंडेक्स टू म्हणतात तो उतारा, अशी अखंड साखळी त्यात दिसली पाहिजे. कर्ज देणारी बँक ही साखळी पहिल्या मालकापासून तपासते. मधला एखादा करार हरवला असेल तर पोलिसांकडे गहाळ झाल्याची नोंद करून दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत काढावी. दस्त क्रमांक माहीत नसल्यास नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-शोध सुविधेत वर्ष, गाव आणि मिळकतीचा क्रमांक टाकून तो शोधता येतो, मात्र फार जुन्या दस्तांसाठी कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन शोध घ्यावा लागतो.

१९८० च्या दशकातल्या आणि त्याआधीच्या फ्लॅटबाबत आणखी एक अडचण येते. त्या काळातले अनेक करार अगदी किरकोळ रकमेच्या मुद्रांकावर झाले आणि कित्येकांची नोंदणीच झाली नाही. ताबा दिलेल्या विक्री-करारावर खरेदीखताप्रमाणे मुद्रांक शुल्क घेण्याची तरतूद महाराष्ट्रात १० डिसेंबर १९८५ पासून लागू झाली, त्यामुळे आपला करार त्या तारखेच्या आधीचा आहे की नंतरचा हे पाहणे महत्त्वाचे ठरते. शुल्क कमी भरलेले असल्यास मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून ते निश्चित करून घ्यावे लागते आणि फरक दंडासह भरावा लागतो. याला वेळ लागतो. टोकन घेतल्यानंतर हे काम काढले तर ग्राहक थांबत नाही.

यानंतर नाव तपासावे. करारनामा, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराचे बिल, वीजबिल, आधार आणि पॅन यांवर आपले नाव एकसारखे आहे का, हे अक्षर न् अक्षर पाहावे. आपल्याकडे लग्नानंतर स्त्रियांचे नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याची रीत असल्यामुळे आईच्या किंवा पत्नीच्या कागदांत हमखास फरक सापडतो; त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातील नावबदलाची नोंद किंवा दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवावे. शेअर सर्टिफिकेट हरवले असेल तर पोलिसांत नोंद, वर्तमानपत्रात जाहीर सूचना आणि सोसायटीला हमीपत्र देऊन दुसरी प्रत मिळवता येते.

मूळ मालक हयात नसेल तर सगळ्यांत मोठे काम येथे असते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१९ साली जी सुधारणा झाली, तिने सभासदाच्या मृत्यूनंतर नॉमिनीला तात्पुरत्या सभासदाचे स्थान दिले. फ्लॅटवरचा हक्क मृत्युपत्राने, वारसा प्रमाणपत्राने किंवा कायदेशीर वारसांच्या दाखल्याने ठरतो. ज्या भावंडांना हिस्सा नको असेल त्यांनी नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून द्यावे, अन्यथा विक्रीच्या करारावर सर्वांच्या सह्या लागतात. बहिणींचा हक्क तोंडी सोडला आहे असे गृहीत धरून पुढे जाणारी घरे मी पाहिली आहेत. कायद्याने ते चालत नाही आणि नात्यालाही ते पेलत नाही, म्हणून सर्वांनी एकत्र बसून हा विषय घर दाखवण्याच्या आधी संपवावा.

एखादे भावंड परदेशात असेल, आणि आज मराठी घरांत ते बहुधा असतेच, तर त्याचे मुखत्यारपत्र लवकर मागवावे. ते तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून मूळ प्रत इकडे पाठवावी लागते आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. विकणारा अनिवासी असल्यास खरेदीदाराला त्याच्या हिश्श्यावर बरीच जास्त करकपात करावी लागते. ती कमी व्हावी म्हणून आयकर विभागाकडून कमी दराच्या कपातीचे प्रमाणपत्र मिळते, पण त्याचा अर्ज व्यवहाराच्या पुरेसा आधी करायला हवा.

गृहकर्ज फिटले असेल तर मूळ कागद बँकेकडून परत आले आहेत का, हे फाइल उघडून पाहावे. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांच्या आत मूळ दस्तऐवज परत करणे आणि बोजा उतरवणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, आणि हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कर्ज अजून चालू असेल तरी फ्लॅट विकता येतो. अशा वेळी बँकेकडून शिल्लक रकमेचे पत्र आणि तिच्या ताब्यातील कागदपत्रांची यादी घेऊन ठेवावी. ग्राहकाची बँक थेट आपल्या बँकेला पैसे देते आणि उरलेली रक्कम आपल्याला मिळते. वैयक्तिक कर्जदाराने बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडले तर त्यावर दंड आकारता येत नाही.

इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र (राहण्यास दिलेली परवानगी), मंजूर नकाशा आणि सोसायटीच्या नावाने अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन व इमारत सोसायटीच्या नावावर होणे, झाले आहे का याची माहिती सोसायटीच्या कार्यालयातून मिळवावी. जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर असेल तर ग्राहकाला ते आपणहून सांगावे, कारण पुनर्विकासाचा विचार करणारा माणूस मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढून पाहणारच आहे. पुण्यात पुष्कळ इमारती सोसायटीऐवजी १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियमाखाली नोंदलेल्या आहेत. तेथे शेअर सर्टिफिकेट नसते आणि त्याच्या जागी नोंदणीकृत अपार्टमेंट डीड हा मालकीचा मुख्य कागद असतो.

सोसायटीशी बोलणे

सेक्रेटरींना फ्लॅट विकायचा विचार आधीच सांगावा. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार, आपले सोसायटीतले शेअर हस्तांतरित करण्याच्या इराद्याची १५ दिवसांची लेखी सूचना सोसायटीला द्यावी लागते. हस्तांतरासाठी सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र उपविधींनुसार सक्तीचे नाही, मात्र ग्राहकाला कर्ज देणारी बँक ते जवळजवळ नेहमीच मागते, त्यामुळे कमिटीशी संबंध सलोख्याचे असलेले बरे. देखभाल खर्चाची थकबाकी असेल तर ती भरून टाकावी. उपविधींनुसार थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकते.

महापालिका क्षेत्रात हस्तांतरणाचे अधिमूल्य (प्रीमियम) जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येते, त्याशिवाय ५०० रुपये हस्तांतरण शुल्क आणि नव्या सभासदाचे १०० रुपये प्रवेश शुल्क असते. देणगी, विकास निधी किंवा अन्य कोणत्याही नावाने याहून जास्त रक्कम मागता येत नाही. तरीही ती मागितली गेल्यास शांतपणे लेखी मागणीपत्र मागावे. बहुतेक वेळा विषय तिथेच थांबतो.

पार्किंगबाबत अतिशय काळजीने बोलावे. मोकळी किंवा इमारतीखालची जागा बिल्डरला फ्लॅटप्रमाणे वेगळी विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला. सोसायटी सभासदाला पार्किंग वापरायला देते आणि तो वापर फ्लॅटबरोबर आपोआप पुढच्या मालकाकडे जात नाही. त्यामुळे जाहिरातीत पार्किंगचा उल्लेख करण्याआधी सोसायटीचे वाटपपत्र शोधावे आणि नव्या सभासदाला ती जागा मिळेल का, हे कमिटीकडून लिहून घ्यावे. पुनर्विकासाचा ठराव झाला असल्यास त्याची प्रत, आणि विकासकाशी करार झाला असल्यास भाडे व कॉर्पसची (विकासक सभासदांना देतो त्या निधीची) रक्कम कोणाला मिळणार याची स्पष्टता, या गोष्टी किंमत ठरवण्याच्या आधी हव्यात.

फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर लिव्ह अँड लायसन्स करारातील मुदत पाहून भाडेकरूला पुरेशी लेखी नोटीस द्यावी. राहत्या भाडेकरूसह घर दाखवणे अवघड जाते, आणि ताबा मिळेल की नाही या धास्तीने चांगला ग्राहकही मागे सरतो.

ओल आणि गळती

आता प्रत्यक्ष घराकडे वळू. कोकणात, मुंबईत आणि पुण्यात पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या बाहेरच्या भिंती सर्वांत जास्त भिजतात. मोठा पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी घरभर फिरून या भिंतींना हात लावून पाहावा, खिडक्यांच्या खालचा भाग, छताचे कोपरे, बाथरूमलगतच्या भिंतींचा पायाशी असलेला पट्टा, पंख्याच्या हुकाभोवतीची जागा बारकाईने तपासावी, आणि प्रत्येक डागाचा फोटो तारखेसह ठेवावा. पुढच्या पावसानंतर तोच डाग वाढला की नाही, यावरून पाणी अजून येते आहे की जुनी खूण राहिली आहे हे ठरते.

ओल भिंतीतून येते की हवेतल्या दमटपणामुळे पृष्ठभागावर साचते, हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे. हातभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट चिकटवून एक-दोन दिवस तसाच ठेवावा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर पाणी भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीत हवा खेळत नाही, आणि अशा ठिकाणी खिडकी उघडी ठेवणे व कपाट भिंतीपासून थोडे सरकवणे एवढ्यानेही काम भागते.

बाथरूमची परीक्षा वेगळी. नहाणी ट्रॅप, म्हणजे लादीतले पाणी जाण्याचे तोंड, कापड आणि प्लॅस्टिकच्या पिशवीने घट्ट बंद करून लादीवर दोन बोटे पाणी साठवावे, पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलने आखावी आणि २४ तास वाट पाहावी. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे आणि नंतर त्यांच्या छताकडे स्वतः जाऊन पाहावे. पाणी झिरपत असेल तर दोन शक्यता असतात. लाद्यांमधल्या सांध्यांचे ग्राऊट गेले असेल तर ते खरवडून इपॉक्सी ग्राऊट भरल्याने आणि ट्रॅपच्या कडा बुजवल्याने गळती थांबते. खालचा वॉटरप्रूफिंगचा थरच फुटला असेल तर मात्र लादी काढून कोबा नव्याने करण्याला पर्याय नसतो. लादीवरून पातळ रसायन ओतून गळती थांबवून देतो असे सांगणारे कारागीर भेटतात, पण थर फुटलेला असेल तर त्या उपायावर पैसे घालू नयेत. साठवलेले पाणी उतरले नाही आणि भिंत तरीही ओली राहिली, तर भिंतीत बसवलेल्या पाइपांची दाबचाचणी प्लंबरकडून करून घ्यावी.

खिडकीखालची ओल बऱ्याचदा क्षुल्लक कारणाने येते. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी थेंबाथेंबाने गळून पडावे म्हणून ठेवलेली खाच रंगाच्या थरांनी बुजलेली असते, किंवा खिडकीच्या बाहेरच्या पट्टीचा उतार घराकडे झालेला असतो, आणि पाणी मागे फिरून भिंतीत शिरते. हे काम एका दिवसाचे आहे. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारे पाणी ही उपविधींनुसार सोसायटीची जबाबदारी आहे, तेव्हा फोटो जोडून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. दुरुस्ती लगेच झाली नाही तरी तो अर्ज आणि कमिटीचे उत्तर ग्राहकाला दाखवता येते.

छताचा गिलावा पडून गंजलेली सळई दिसत असेल तर ते गवंड्याच्या अंदाजावर सोडू नये. सुटे काँक्रीट काढणे, सळई घासून गंजरोधक लावणे आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरणे, असा त्याचा क्रम आहे, आणि तो स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सल्ल्याने पाळावा. १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हावे अशी उपविधींत तरतूद आहे. शेवटचा अहवाल सोसायटीकडून मागून फाइलमध्ये लावावा.

दुरुस्तीनंतर भिंतीला किमान तीन-चार आठवडे सुकू द्यावे. घाईने पुट्टी भरली तर आतले पाणी क्षार घेऊन बाहेर येते आणि पांढरी भुकटी व पोपडे पुन्हा दिसू लागतात. ओल झाकण्यासाठी वॉलपेपर किंवा प्लायची पट्टी लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साध्या तपासणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. शिवाय दुरुस्तीची पावती आणि आधीचे-नंतरचे फोटो पुढे ठेवून जो विक्रेता म्हणतो की येथे गळती होती आणि ती आम्ही अशी दुरुस्त केली, त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही माणसे विश्वास ठेवतात, असा माझा अनुभव आहे.

बाकीची दुरुस्ती, आणि जिथे खर्च करू नये

गळणारे नळ, न लागणारी दारे, सैल कड्या, बंद बटणे, तडकलेली काच, एवढे सर्व दुरुस्त करावे. विजेच्या बोर्डात आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, असेल तर त्याचे चाचणी बटण दाबून तो खाली पडतो का ते पाहावे. नसेल आणि अर्थिंगही शंकास्पद असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून ते करून घ्यावे. चौकटींना वाळवी लागली असल्यास छिद्रे पाडून औषध भरण्याची प्रक्रिया घर दाखवण्याच्या निदान महिनाभर आधी उरकावी, म्हणजे वास राहत नाही.

नवे मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, संपूर्ण घराच्या नव्या लाद्या यांवर मात्र पैसे घालू नयेत. जुना फ्लॅट घेणारे कुटुंब बहुधा स्वतःच्या पसंतीने आतली कामे करूनच राहायला येते, आणि आपण निवडलेल्या ओट्याची किंमत ते आपल्याला देत नाही. काढून टाकलेली भिंत किंवा बंद करून खोलीत घेतलेली बाल्कनी यांचा विचार मात्र करावा, कारण बँकेचा मूल्यांकनकर्ता मंजूर नकाशाशी ताडून पाहतो आणि परवानगी नसलेले क्षेत्र मूल्यांकनात धरत नाही. मूळ स्थिती परत आणणे शक्य नसेल तर तो फरक ग्राहकाला सुरुवातीलाच सांगावा.

माळा, कपाटे आणि स्वच्छता

चाळीस वर्षांच्या संसारातले सामान आवरायला पंधरा दिवस लागतात, आणि ते काम फक्त हातांचे नसते. आमच्या माळ्यावर आईने लग्नकार्यांसाठी जपलेली पितळी पातेली होती; ती कोणाकडे जावीत, हे ठरवायलाच एक रविवार गेला. म्हणून पहिल्या दिवशी माळ्याला हात घालू नये. आधी रद्दी, औषधे, बंद पडलेली उपकरणे आणि मोडके फर्निचर बाहेर काढावे, मग कपडे, आणि आठवणींच्या वस्तू शेवटी, सगळी भावंडे असताना. दिवाण आणि कपाटे जागेवर राहू दिली तरी चालेल, पण चालण्याच्या वाटा मोकळ्या हव्यात, खिडक्यांसमोर काही नको आणि बाल्कनी रिकामी हवी, कारण खोलीचा आकार माणूस डोळ्यांनी नव्हे तर पायांनी मोजतो. सोने, बँकेची पुस्तके आणि मूळ दस्तऐवज घर दाखवायला सुरुवात होण्यापूर्वी लॉकरमध्ये हलवावेत.

स्वयंपाकघरातील चिमणीची जाळी, एक्झॉस्ट पंख्याची पाती आणि गॅसमागच्या भिंतीवरचा तेलकट थर आधी काढावा. नळांवरचे क्षाराचे पांढरे डाग व्हिनेगरमध्ये भिजवलेले कापड अर्धा तास गुंडाळून ठेवल्यास निघतात. बाथरूमसाठी बाजारात मिळणारे तीव्र ॲसिड वापरू नये. ते ग्राऊट खाते आणि नळांचा मुलामा घालवते, आणि संगमरवर असेल तर त्याची झिलई कायमची जाते.

रंग आणि फोटो

रंगाचे काम आता. सगळ्या खोल्यांना एकच फिकट, पांढऱ्याकडे झुकणारी छटा द्यावी. साधे इमल्शन पुरते. छत मात्र वगळू नये, धुराने काळवंडलेले छत नव्या भिंतींमुळे जास्तच उठून दिसते. सर्व खोल्यांत एकाच छटेचे एलईडी दिवे लावावेत.

फोटो ज्या खोलीत जेव्हा ऊन येते तेव्हा काढावेत, पूर्वेच्या खोल्यांचे सकाळी आणि पश्चिमेच्या खोल्यांचे दुपारी. मोबाइल छातीच्या उंचीवर सरळ धरावा आणि अतिरुंद लेन्स टाळावी, कारण त्या फोटोत मोठी दिसलेली खोली प्रत्यक्षात लहान निघाली की ग्राहक दारातच निराश होतो. इमारतीचे प्रवेशद्वार, जिना, लिफ्ट आणि खिडकीतून दिसणारे दृश्य यांचेही फोटो घ्यावेत. जाहिरातीत चटई क्षेत्रफळ (कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा) आधी लिहावे. जुन्या करारांत बहुतेकदा बिल्टअप क्षेत्र असते, म्हणून खोल्या टेपने मोजून चटई क्षेत्र स्वतः काढावे. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट.

किंमत आणि घर दाखवणे

शेजाऱ्याने मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष नोंदलेली किंमत यांत अंतर असते. आपल्या आणि आसपासच्या इमारतींतील गेल्या वर्षभराचे इंडेक्स टू उतारे ई-शोधमध्ये पाहून दर चौरस फुटाचा भाव काढावा. रेडीरेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला, दरही पाहून ठेवावा, कारण व्यवहाराची किंमत इतकी कमी असेल की रेडीरेकनरचे मूल्य तिच्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त भरते, तर विक्रेत्याचा भांडवली नफा रेडीरेकनरच्या मूल्यावर मोजला जातो.

घर दाखवताना पाण्याच्या वेळा, टँकर लागतो का, देखभाल खर्च किती, वरच्या मजल्यावर कोण राहते, हे प्रश्न येणारच. उत्तरे खरी द्यावीत आणि शक्य तिथे बिल दाखवावे. कागदांच्या छायाप्रती दाखवाव्यात, मूळ प्रती हातात देऊ नयेत, आणि छायाप्रत दिली तर तिच्यावर कोणत्या कामासाठी व कोणत्या तारखेला दिली हे लिहावे.

टोकन, कर आणि करार

टोकन कितीही लहान असो, पावती लिहावी. तिच्यात एकूण किंमत, उरलेली रक्कम केव्हा व कशी येणार, करार किती दिवसांत होणार आणि व्यवहार फिसकटल्यास टोकनाचे काय होणार, हे चारही मुद्दे असावेत. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो; सर्व पैसे बँकेतूनच घ्यावेत.

किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर खरेदीदार १ टक्का कर कापून आपल्या पॅनवर जमा करतो. आपले पॅन आधारशी जोडलेले नसल्यामुळे निष्क्रिय झाले असेल तर हीच कपात २० टक्के होते, म्हणून सर्व विक्रेत्यांचे पॅन आधीच तपासावेत. फ्लॅट २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ आपल्याकडे असेल तर नफा दीर्घकालीन ठरतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकाचा लाभ न घेता १२.५ टक्के किंवा तो घेऊन २० टक्के, यांपैकी ज्यात कर कमी बसेल तो पर्याय मिळतो. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या फ्लॅटसाठी मूळ खरेदी किमतीऐवजी त्या तारखेचे वाजवी बाजारमूल्य धरता येते, फक्त ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त असू नये. नोंदणीकृत मूल्यांकनकर्त्याचा तो अहवाल करारापूर्वीच घ्यावा. नफ्यातून विक्रीच्या आधी एक किंवा नंतर दोन वर्षांत दुसरे राहते घर घेतल्यास, अथवा सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत ठरावीक सरकारी बाँडमध्ये गुंतवल्यास करात सूट मिळते. हे सर्व सनदी लेखापालाशी एकदा बसून समजून घ्यावे, आणि ते टोकन घेण्याच्या आधी, कारण पैसे केव्हा व कोणाच्या खात्यात येतात यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी खरेदीदार भरतो. करारावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी सादर करावा लागतो. पूर्ण रक्कम खात्यात जमा होण्याआधी किल्ली देऊ नये, सामान ठेवण्यापुरतीही नाही.

ताबा देण्याचा दिवस

ताबापत्र दोन प्रतींत करावे आणि त्यात त्या दिवशीचे वीजमीटर व पाइप गॅसचे रीडिंग, किल्ल्यांची संख्या आणि घरात राहणारे पंखे, गीझर, गॅलरीतल्या कुंड्या यांची यादी लिहावी. गॅस जोडणीची अनामत परत घेण्याचा किंवा नाव बदलण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा. मूळ शेअर सर्टिफिकेट आणि हस्तांतरणाचे सहीचे अर्ज सोसायटीत जमा करून पोच घ्यावी, आणि नव्या मालकाचे नाव सोसायटीच्या व महापालिकेच्या दप्तरी लागेपर्यंत त्या फाइलची पूर्ण छायाप्रत आपल्याजवळ ठेवावी. बँक, विमा आणि निवृत्तिवेतनाच्या कार्यालयांत नवा पत्ता कळवावा. आईच्या नावाची पत्रे त्या घरी पुढे वर्षभर येत राहिली. नव्या कुटुंबाला आम्ही आमचा फोन क्रमांक देऊन ठेवला होता म्हणून ती आमच्यापर्यंत पोहोचली.